काकाजींची लाईन

आमच्या काकाजींना एक इंग्रजी शब्द आयुष्यभर पुरला. लाईन. नंदनवनातल्या घरची वीज गेली की लाईन गेली, हे तर अख्खं नागपूरच म्हणतं. पण त्यांच्या भाच्याने दुकान सोडून वकिली धरली तेव्हा त्याने लाईन बदलली, शेजारी दारूला लागला तेव्हा तो वाईट लाईनीला लागला, आणि आमच्यातला कोणी कॅन्टीनमधल्या मुलीशी जरा जास्त बोलला की मागून आवाज यायचा, "काय गा, लाईन मारून राहिला का? भाजी घे अन् सरक!"

त्यांची खरी लाईन मात्र एकच. हिंगण्याच्या कारखान्यातला तो लांब पट्टा. त्यावरून कूलरच्या मोटारी सरकत यायच्या आणि आम्ही दोन्ही बाजूंना उभे राहून त्या जोडायचो. काकाजी तिथले सुपरवायझर. पट्टा जरा अडला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

एकाच कारणासाठी ते स्वतः पट्टा थांबवत. आमच्यातलं कोणी गेल्याची बातमी आली की काकाजी लाल बटण दाबत, टोपी काढत आणि आम्ही सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहत असू. ही रीत त्यांनीच पाडली होती.

मग कुहीकडचा एक कंत्राटी कामगार ड्युटीवर येताना मोटरसायकलवरून पडून गेला. काकाजींचा हात बटणाकडे गेला तसे मॅनेजरसाहेब म्हणाले, "तो कंपनीचा माणूस नव्हता. कंत्राटी माणसासाठी लाईन थांबत नाही."

"मेला तो माणूसच ना, साहेब?" म्हणत काकाजींनी बटण दाबलं.

ती दोन मिनिटं त्यांना भोवली. सुपरवायझरी गेली, मग राजीनामा लिहून घेतला, आणि थोड्याच दिवसांत तेच काकाजी ठेकेदाराकडून त्याच पट्ट्यावर, माझ्या शेजारी, स्क्रू आवळायला उभे. पट्टा थांबवायला आता चावी लागायची आणि चावी साहेबांच्या खिशात. मी चिडून विचारलं, "काहून सहन करता, काकाजी?"

"या वयात मले कोण दुसऱ्या लाईनीत घेते, बापा?"

तेव्हा मला साहेबांचा संताप आला होता. तो अजून गेलेला नाही.

ऐन उन्हाळ्यात काकाजी झोपेतच गेले. बातमी कामावर असताना कळली. मी केबिनमध्ये जाऊन चावी मागितली.

"ठेकेदाराचे होते ना ते?" साहेब म्हणाले. "सीझन आहे. टार्गेट बघा."

परत येऊन मी नुसती मान हलवली. एकेकाने टोपी काढली, आणि तसेच उघड्या डोक्याने आम्ही स्क्रू आवळत राहिलो.

संध्याकाळी टार्गेट पूर्ण झालं म्हणून साहेबांनी समोसे वाटले. एक उरला. ठेकेदाराने माणसांचा आकडा सांगताना काकाजींनाही धरलं होतं.