कारपेटच्या खालचं काम

"सून गप हाय, हा बरा झाला. धंद्यात तोंड नाय घालणार!"

मामंजी पडवीत सासूबाईंना हे सांगत होते, तेव्हा भिंतीच्या अलीकडे मी तांदूळ निवडत होते. लग्नाची हळदही उतरली नव्हती. मी एक खडा काढून बाजूला ठेवला आणि गप्पच राहिले. बोलक्या माणसांचे किस्से जाता-येता सांडून जातात, गप्प माणसाकडे मात्र ते साठत राहतात. माझ्याकडे तर एका पावसाळ्यात कणगी भरली!

*

शहापूरचं हे स्थळ आलं, तेव्हा मुरबाडच्या माझ्या आत्याने विचारलं होतं, "मुलगा काय करतो?"

"कारपेट धुतो."

"कुणाचं?"

"लोकांचं."

"मग लोकांचे हात काय झिजले?"

आत्याला काय माहीत! आमच्या भागात मुंबईवाल्यांचे फार्महाऊस झाले, हायवेला रिसॉर्ट झाले, लग्नाचे हॉल झाले. सगळ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट चिकटवलं आणि मग पहिल्याच पावसाळ्यात डोक्याला हात लावला. मामंजी आणि आमचे हे, दोघं मशीन टेम्पोत टाकून जायचे. शाम्पू, ब्रश, पाणी ओढायचं, झालं. मामंजींचा नियम एकच. "आपला काम वरचा. खाली काय हाय, ते बघायचा नाय!"

*

पण वास खालूनच यायचा, त्याला काय करणार?

कारपेटखाली गादीसारखं जाड फेल्ट असतं, त्याला अंडरले म्हणतात. फरशीला ओल आली की ते पाणी पितं आणि कुजतं. वरचं कितीही धुवा, चार दिवसांत वास हजर! म्हणून यांचं म्हणणं, धुतोच आहोत तर अंडरलेही बदलून द्यावं.

आमच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये हेच झालं. तिसऱ्यांदा धुऊन झालं, तरी पेशंट नाक धरूनच आत यायचे. शेवटी हे म्हणाले, "डॉक्टर, खालचं अंडरले कुजलंय. बदलायला पाहिजे."

"मग बदला की."

"ते आम्ही करत नाही."

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे मी गळू तसंच ठेवून वरून पावडर लावायची?"

यांनी घरी हे सांगितल्यावर मामंजी शांतपणे म्हणाले, "लावू दे ना. त्यांची पावडर हाय."

*

डोळखांबच्या वाटेवर एक फार्महाऊस आहे. शेठ मुंबईत, बंगला वॉचमनच्या ताब्यात. गेल्या हंगामात त्याने भात झोडलं आणि नेमका अवकाळी पाऊस आला. वॉचमनने काय करावं? हॉलमधल्या कारपेटवर भात पसरलं! वाळल्यावर भरून नेलं. भिंतीकडेच्या फटीतून जे खाली गेलं, ते गेलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या माणसांनी ते कारपेट धुतलं. भरपूर पाणी, वरून बंद खिडक्यांची ऊब. थोड्या दिवसांनी शेठचा फोन. "तुमच्या शाम्पूत काय आहे? माझ्या हॉलमध्ये गवत उगवलंय!"

मामंजी गेले. भिंतीकडेला उकिडवे बसले, एक पात बोटात धरली आणि म्हणाले, "गवत नाय शेठ, भात हाय. लावणीला आलाय."

मुळं खाली अंडरलेमध्ये होती. हे वडिलांना म्हणाले, "दादा, कारपेट उचलूया." मामंजींनी वॉचमनकडून विळा मागितला आणि सगळं वरच्यावर कापलं. वरचा काम!

*

मामंजी उगाच अडून बसत नव्हते, हे मला सासूबाईंनी भाकऱ्या थापताना सांगितलं.

"एकदा त्यांनी उचलला व्हता गो. खर्डीकडचा रिसॉर्ट. खाली लाद्या फुटलेल्या, वाळवी लागलेली. मालक बोलला, तुमीच फोडल्या."

"मग?"

"मग काय! हे बोलले, लाद्या मी फोडल्या, आन् वाळवी पण मीच पाळली काय? तरी लाद्या भरून द्यायला लागल्या. आन् कारपेट परत बसंना. इकडं ओढला का तिकडं उघडा. लहान गोधडीत चार पोरं निजवावी तसा!"

खरं होतं. एकदा उचललं की खालचं सगळं आपल्या गळ्यात येतं. मी यांना आमच्या खोलीत म्हटलं, "उचलायच्या वेळी मालकालाच समोर उभं करायचं. खालचं त्यानेच बघायचं, मग कोण काय बोलणार?"

हे म्हणाले, "बरोबर आहे. तू सांग दादांना."

"मी? मी तर गप्प आहे!"

*

मग यांनी कल्याणला एका फिटरकडे जाऊन काम शिकून घेतलं. कारपेट ताणायचं अवजार आणलं. त्याचे दात कारपेटमध्ये रुतवायचे आणि मागून गुडघ्याने हाणायचं. सरावाला जागा कुठली? आमची खोली! मी फेल्ट मापून कापायची, हे गुडघा मारायचे. धाड! धाड!

भरदुपारी सासूबाई दाराबाहेर येऊन उभ्या. "काय चाललाय रं? भांडताव काय?"

"नाय आई," हे आतून धापा टाकत म्हणाले, "ताणतोय!"

बाहेर पावलं दारापासून मागे सरकली. मग सासूबाई म्हणाल्या, "सावकाश." आणि त्या दिवशी संध्याकाळी मला खारकांचं दूध मिळालं!

*

आता मुरबाडचा हॉल. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मालकाने सांगून ठेवलं होतं, पुन्हा वास आला तर दुसरा माणूस बघणार. आणि हॉल सुटला तर यांनी भिवंडीच्या गोडाऊनवर नोकरी धरायची, असं मामंजींनी ठरवून टाकलं होतं. पण हे टेम्पोत ताडपत्रीखाली नव्या फेल्टची गुंडाळी आणि अवजार ठेवून द्यायला लागले.

तुळशीचं लग्न झालं आणि त्या हॉलमध्ये पहिलं लग्न ठरलं, ते माझ्याच आत्तेबहिणीचं! आदल्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे टेम्पोने हळदीला गेलो. स्टेजवरचं कारपेट मामंजींनी दोनच दिवसांपूर्वी धुतलेलं, लालभडक दिसत होतं. नवरी पाटावर बसली आणि उठली.

"आई गं, इथं काय मेलंय?"

आत्याने पदर नाकाला लावला. करवल्या स्टेजवरून खाली उतरल्या. हॉलचे मालक आले, त्यांनी वास घेतला. "मामा, हे परवा धुतलंत ना?"

"वरून चांगला धुतलाय," मामंजी म्हणाले. "खालचा आमी नाय करत."

"मग खालचं करणारा माणूस आणतो मी. तुमचं-आमचं इथंच संपलं."

मामंजी स्टेजवरच कडेला तसेच ताठ उभे राहिले. यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भिवंडीचं गोडाऊन मला स्पष्ट दिसलं.

मी हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, नव्या साडीचा पदर खोचला आणि स्टेजवर चढले. आत्या म्हणाली, "अगं, तू कुठं चाललीस?" मी कोपऱ्यात बसून कारपेटची कड धरली आणि ओढली. चर्र करून खिळे सुटले. खालचा काळा लगदा बघून पुढच्या दोन रांगा उठल्या.

"काका, तुम्ही इथंच थांबा," मी मालकांना म्हटलं. "खाली काय निघतंय ते तुमच्या डोळ्यांनी बघा. हळद उन्हं उतरल्यावर लागेल, याच स्टेजवर."

हे गुंडाळी आणायला टेम्पोकडे धावले. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मी दुसरी कड ओढली, ती हलेना. पुन्हा ओढली. मग मान वर करून बघितलं.

"मामंजी," मी म्हटलं, "बाजूला व्हा. तुम्ही कारपेटवर उभे आहात."