उस्मानमास्तरांनी घेतलेलं शेवटचं माप

उस्मानमास्तर गेले, हे त्यांच्या मुलाने, इरफानने, फोनवर सांगितलं त्याला आता महिना होईल. जेमतेम पंधरा दिवस आधी मी पँटचं माप द्यायला कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानात गेलो होतो. कंबर, उंची, मोहरी सगळं झालं, तरी हे उकिडवे बसून माझ्या दोन्ही घोट्यांभोवती टेप फिरवत राहिले. मी विचारलं, "आता हे कशाला?" "शिंपी मी आहे ना, सर?" एवढंच म्हणाले...

चाळीस वर्षं हा माणूस कापायच्या टेबलाशी उभा होता. पिंढऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या पडल्या, संध्याकाळी पाय शिशासारखे जड व्हायचे. फळ्यापुढे उभं राहून मीही तेच दुखणं कमावलं होतं, पण मी ते झाकून ठेवलं. मास्तर मात्र हट्टाला पेटले. लोक म्हणाले, बसून काम करा. "बसून कापड कापतात होय?" एका डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले, दुसऱ्यांनी शीर काढून टाकायचं ऑपरेशन सांगितलं, तिसऱ्यांनी लेझरने ती आतून बंद करायची म्हटलं. यांचा प्रत्येकाला एकच प्रश्न, टेबलाशी परत कधी उभा राहू? दोन महिने मोजे वापरले, रोज दोन वेळा घोटा मोजून वहीत लिहिला. सूज उतरायची, शिरा होत्या तिथेच. "मापाशिवाय कापड कापत नाही, पाय कसा कापू देऊ?" म्हणत त्यांनी ती वही तिसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली. सोनोग्राफी झाली आणि यांच्या शिरेला लेझर चालेल असं ठरलं. लेझर झालं त्याच दिवशी मास्तर चालत घरी आले, काही दिवसांनी टेबलाशीही. मला हेवा वाटला, स्वतःची लाजही वाटली. "सर, तुमचं काय?" ते दर भेटीत विचारायचे. माझं उत्तर ठरलेलं, "बघू."

परवा पँट आणायला गेलो. इरफानने मापाची वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावाखाली कंबर, उंची, मोहरी आणि त्याखाली मास्तरांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : 'डावा घोटा एक इंच जास्त. सरांना डॉक्टरकडे न्यायचं. मी सोबत.'

मी तिथूनच फोन करून उद्या दहाची वेळ घेतली. वही इरफानकडून मागून आणली आहे. उद्या ती बरोबर नेणार.