हाताळलेला रुपया

दादा गेल्याची बातमी शहापूरला आली तेव्हा मी मागच्या दारी तांदूळ पाखडत होते. मुरबाडहून सायकलवर आलेल्या माणसाने आधी पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि मग खाली बघत म्हणाला, ‘गुरुजी सकाळीच गेलं.’ त्याला महिना होऊन गेला, पण सूप हातात घेतलं की अजून ते शब्द ऐकू येतात...

माझा हा थोरला भाऊ मुरबाडच्या शाळेत मास्तर होता आणि त्याला चांदीच्या नाण्यांचा नाद होता. मी माहेरी गेले की खिडकीशी बसवून तो मला नाणं पारखायला शिकवी. नाणं कडेने धरायचं आणि उजेडात हळूहळू कलतं करायचं. कोऱ्या नाण्यावर उजेड एका कडेपासून दुसरीपर्यंत अखंड फिरतो. हाताळलेलं असेल, तर छापातल्या चेहऱ्याचा गाल आणि भुवई, म्हणजे उंच भाग, आधी मंद होतात आणि उजेड तिथे तुटतो. काळं पडलेलं नाणं कोरं असू शकतं आणि घासून चकचकीत केलेलं झिजलेलंही असू शकतं, हे तो पुन्हापुन्हा सांगे.

त्याला एकच मुलगी झाली, यमू. तिच्या बारशाला त्याने तालुक्याच्या खजिन्यातल्या पिशवीतून नुकताच निघालेला कोरा रुपया मिळवला आणि फडक्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. यमू नीट बोलायला लागली होती, आणि एका पावसाळ्यात हिवतापाने गेली. त्यानंतर दादाने तिचं नाव घेतलं नाही. तो घेत नाही म्हणून वहिनीनेही घेतलं नाही. दोघं एका घरात मुकाट राहू लागली... मला तिथे जेवण जात नसे.

पुढे लढाईच्या दिवसांत चांदीचे रुपये व्यवहारातून उठू लागले, तेव्हा कल्याणचे एक हौशी गृहस्थ दादाची नाणी बघायला आले. मी तेव्हा तिथेच होते. बोलता बोलता दादा म्हणाला की कुणाचा हात न लागलेला एक रुपया आपल्या घरात आहे, आणि त्याने वहिनीला ट्रंकेतून तो आणायला सांगितलं. वहिनी दारातच थबकली. मग ट्रंकेकडे न जाता चुलीपाशी गेली आणि पिठाच्या डब्यामागून फडकं काढून आणलं.

दादाने रुपया खिडकीशी धरला, कलता केला, परत कलता केला. पाहुण्यांनीही पाहिला. कडा आणि अक्षरं अगदी कोरी आहेत, पण गाल थोडा झिजलाय, असं ते म्हणाले. दादा म्हणाला, ‘हो. वापरलेला आहे.’ त्याने रुपया परत फडक्यात गुंडाळला, तसे पाहुणे लवकर उठले.

ते गेल्यावर त्याने वहिनीला विचारलं, ‘रोज काढतेस?’

‘तुमी शाळंत गेलाव का काढतंय,’ वहिनी म्हणाली. ‘तिचा गाल पुसायची ना मी... हात राहात नाय.’

‘मला का नाय बोललीस?’

‘तुमी तिचं नाव टाकलंत. मला वाटलं, तुमाला सोसाचा नाय.’

दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. यमू गेली त्या दिवशीही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. वहिनी त्याच्याजवळ बसली. त्या संध्याकाळी त्या घरात यमूचं नाव परत घेतलं गेलं आणि पुढे रोज घेतलं जाऊ लागलं.

दादाचे दिवस झाल्यावर मी वहिनीच्या सोबतीला राहिले. दिवा लावून ती ओट्यावर आली आणि बोलायला लागली... दादा शाळेत जाऊ नये म्हणून यमू त्याची एक वहाण लपवून ठेवायची. दोघं ही आठवण काढत तेव्हा कुठे, ते सांगायचं काम दादाचं असे आणि तो ते रोज तसंच हसत सांगे. वहिनी तिथवर आली आणि थांबली. मला ठाऊक होतं, पण ते सांगणं माझं नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज विरला. मग दादा बसायचा त्या रिकाम्या जागेकडे बघत वहिनीच हळू म्हणाली, ‘कणगीत. भाताच्या कणगीत.’