कपाटावरचं लेबल

नातीच्या दप्तरातून व्हाइटनरचा वास आला आणि मी नव्वदच्या दशकातल्या बहरीनला, हूरा भागातल्या ऑफिसात पोचलो. रत्नागिरीत अम्मी आजारी होती. मी रजा मागायला उभा होतो.

"हमीद, आधी हे बघ," मॅनेजर म्हणाले. त्यांनी पुढे केलेल्या लेबलावर इंग्रजीत 'Worker's Passports', कामगारांचे पासपोर्ट, असं टाइप केलं होतं.

"सर, कामगार पुष्कळ आहेत. अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर हवी." मी व्हाइटनर लावून दुरुस्त केलं.

"शाब्बास!" त्यांनी लेबल लोखंडी कपाटावर चिकटवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. माझाही पासपोर्ट आतच होता. "रजेचं पुढच्या महिन्यात बघू, इंशाल्ला."

अम्मी तोवर थांबली नाही. शरम वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या 'शाब्बास'ने मी क्षणभर खूश झालो होतो.