टाकीला गेलेला तडा

अनघाला एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने पुढे यावं. सिंगापुरात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये ती उभ्याने चहा पिते, उभ्याने फोनवर बोलते, आणि जीव फारच वरखाली झाला की खाली उतरून एलआरटीच्या छोट्या लोकलमध्ये बसते, कुठेही न उतरता सगळं वर्तुळ फिरून घरी येते. गेल्या महिन्यात तर तिने इतकी पायपीट केली की लेक गार्गी म्हणाली, "ममा, सिट डाऊन लाह, यू आर मेकिंग मी डिझी."

पण बसायचं कसं? सासऱ्यांनी, दीनानाथअप्पांनी, तरुणपणी जहाजांच्या यंत्रांचे भाग धुऊन देण्याचा छोटा कारखाना काढला होता. आता तो नवरा, रुचिर, चालवतो आणि पत्रव्यवहार अनघा बघते. जागेचा भाडेपट्टा संपत आला. जागा परत करायची म्हणून नियमाप्रमाणे जमीन तपासून घेतली, तर फरशीखाली ग्रीस काढायचं रसायन मुरलेलं निघालं. नुसतं मुरलेलं नाही, शेजारच्या प्लॉटपर्यंत झिरपलेलं. जमीनमालकाने कळवलं, माती साफ करून द्या. खर्चाचा अंदाज आला तेव्हा रुचिर दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "राहतं घर विकावं लागेल."

आशा दाखवली ती हर्षा वानखेडेने. हर्षा मूळची नागपूरची, ऑफिस हार्बरफ्रंटला, आणि धंदा जुने विमे शोधून काढण्याचा.

"अनघाताई, पॉलिसी संपली म्हणजे ती मेली असं नाही," ती म्हणाली. "नुकसान झालं त्या दिवशी ज्या कंपनीचा विमा चालू होता, ती कंपनी आजही बांधील असते. अपघाताने दुसऱ्याची जमीन खराब झाली तर भरपाई, असं तुमच्या जुन्या पॉलिसीत आहे. मला फक्त दोन गोष्टी सांगा. अपघात कधी झाला? आणि तुम्हाला तो कधी कळला? कारण कळल्याबरोबर कंपनीला कळवायचं, ही अट आहे. लपवून ठेवलं असेल तर ते हात वर करतील."

दुसरं उत्तर सोपं होतं, गेल्या महिन्यात कळलं. पहिलं एकट्या अप्पांना ठाऊक असणार. आणि अप्पांना तर यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेले, म्हणून ते खोलीत आले की नवराबायको एकदम हवापाण्यावर बोलायला लागत. सिंगापूरच्या हवेवर माणूस बोलून बोलून किती बोलणार!

शेवटी एका सकाळी अप्पा इमारतीखालच्या बाकावर पेपर वाचत होते तिथे अनघा गेली. विषय कुठून काढावा याचा विचार करत तिने बाकाभोवती दोन चकरा मारल्या.

"रसायनाच्या टाकीबद्दल विचारायचंय ना?" अप्पांनी पेपर खाली ठेवला. "तुमची कुजबुज महिनाभर ऐकतोय. स्टेंट छातीत आहेत, कानात नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. एका दुपारी फोर्कलिफ्टचा धक्का बसून टाकीला तडा गेला आणि तळाची फरशीही फुटली. लक्षात येईपर्यंत निम्मं रसायन जमिनीत गेलं होतं. अप्पांनी टाकी बदलली, वर नवं काँक्रीट ओतून घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं.

"विमा होता ना, अप्पा? कळवलं का नाही?"

"तुझं लग्न होऊन आठवडा झाला नव्हता."

अनघाला संबंधच लागेना.

"तुझ्या सासूचा, सरलाचा, स्वभाव तू मुरल्यावरचा पाहिलास. तेव्हाचा मी पाहिलाय," अप्पा म्हणाले. "नवी सून घरात आली आणि कारखान्यात असं झालं, हे तिच्या कानावर गेलं असतं, तर पांढऱ्या पायाची म्हणाली असती. माझ्या वहिनी घरात आल्या त्या महिन्यात वडिलांची नोकरी गेली. वहिनी सत्तरीच्या झाल्या तरी आईने ते सोडलं नाही. मी ठरवलं, माझ्या घरात हे नको."

अनघाला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच माणसासाठी, सासूबाईंसाठी. त्या गेल्या तेव्हा त्यांचा हात अनघाच्या हातात होता. हिच्या पायांनी घरात लक्ष्मी आली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ती लक्ष्मी नव्या काँक्रीटवर उभी होती, हे त्यांना कधी कळलंच नाही.

"कळल्याची तू गेल्या महिन्याचीच तारीख दे," अप्पा हळूच म्हणाले. "तेव्हाचे कामगार कधीच पांगले, आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि म्हाताऱ्याला काय, आठवत नाही म्हणालं की झालं."

त्या दिवशी अनघाने एलआरटीची तीन वर्तुळं पुरी केली. खोटं लिहिलं तर घर वाचेल. पण उद्या कंपनीची माणसं फरशी फोडतील, नंतर ओतलेलं काँक्रीट बघतील, आणि मग त्या प्रश्नांपुढे अप्पांना बसवायचं? तिच्यासाठी ज्याने तोंड मिटलं, त्याच्याच तोंडून खोटं वदवायचं? तिला ते पटेना. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला आणि रुचिरला सगळं सांगितलं.

रुचिर देव मानत नाही, मुहूर्त मानत नाही. पत्रिका न बघता लग्न केलं हे तो अजून मित्रांना ऐकवतो.

"म्हणजे हे सगळं तुझ्यापायी झालं," सगळं ऐकून तो म्हणाला.

सोफ्यावर बसलेल्या अप्पांचा चेहरा उतरला. "सरला गेली तेव्हा वाटलं होतं," ते म्हणाले, "की आता हे वाक्य या घरात बोलायला कुणी उरलं नाही."

हर्षाने पाठवलेल्या अर्जात, अपघात कधी झाला, या प्रश्नापुढे अनघाने आपल्या लग्नानंतरचा आठवडा लिहिला. तुम्हाला कधी कळलं, यापुढेही तोच लिहिला, कारण अप्पांना कळलं म्हणजे कारखान्याला कळलं. का कळवलं नाही, तेही चार ओळींत लिहिलं आणि हर्षाला पाठवून दिलं.

"घर जाईल, अनघा," रुचिर म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता.

"गेलं तर जाऊ दे. कुणाच्या पायाने गेलं, ते मात्र गार्गीच्या कानावर जाता कामा नये."