हिमवादळात निघायचा माझा हट्ट आणि शिरीषची बोटं

जानेवारीत सिरॅक्यूजहून न्यू जर्सीला गाडीनं जावं का, असं दोघातिघांनी विचारलंय. रस्ता सोपा आहे. एक्याऐंशी नंबरचा हायवे धरायचा, पाच तासांत पोचता. पण वादळाची वॉर्निंग असेल तर घरात बसा. ऐंशीच्या दशकात, विद्यार्थी असताना, मी बसलो नाही. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. माझा रूममेट शिरीष, नागपूरचा, तबला फार सुंदर वाजवायचा. गाणाऱ्या काकूंनी फोनवर सांगूनच टाकलं होतं, "तू आला नाहीस तर मी गाणार नाही." गाडी माझी होती, जुनी, हीटर लहरी.

सकाळपासून रेडिओ एकच सांगत होता: जोराचा वारा, समोरचं काही दिसणार नाही, बाहेर पडू नका.

"यार, कॅन्सल करू," शिरीष म्हणाला. "मी काकूंना फोन करतो."

"वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची," मी म्हणालो. "पुण्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

पुण्यात ते चालून जायचं. इथले लोक हवामान खरं सांगतात, हे दोन वर्षं राहूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

कोर्टलँडला पेट्रोल भरलं, कॉफी आणि डोनट घेतले. काउंटरवरची बाई म्हणाली, "पलीकडे मोटेल आहे, बावीस डॉलर. आज तिथेच थांबा, मुलांनो." बाहेर चक्क ऊन होतं. मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

अर्ध्या तासात ऊन गेलं. मग रस्ता गेला, मग गाडीचं बॉनेटही दिसेना. गाडी घसरून कडेच्या बर्फात रुतली. तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

असं झालं तर गाडी सोडून चालत निघू नका, दहा पावलांवर वाट हरवते. तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि त्याआधी धुराच्या नळकांड्यावरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो. गाडीत फावडं, ब्लँकेट आणि हातमोज्यांचे जादा जोड ठेवा. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. होता एक तिळगुळाचा डबा.

बर्फ काढायला शिरीष उतरायचा. "तुला सर्दी आहे, तू बस," तो पहिल्या वेळी म्हणाला आणि मी बसलो. त्याचे लोकरीचे हातमोजे दुसऱ्या खेपेला भिजून कडक झाले. मग तो पायमोजे हातात घालून गेला, शेवटी नुसत्या हातांनी. माझे चामड्याचे हातमोजे पूर्ण वेळ माझ्या हातांत होते. मी ते दिले नाहीत. त्यानं मागितलेही नाहीत. चौथ्या खेपेला परत आला तेव्हा म्हणाला, "आता दुखत नाहीये रे." मला ते ऐकून बरं वाटलं, इतका मी मूर्ख होतो.

सहाच्या सुमाराला बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्यानं आम्हाला बाहेर काढलं. त्यानं शिरीषचे हात बघितले आणि थेट हॉस्पिटल गाठलं. तीन आठवड्यांनी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या पेरापासून कापावं लागलं.

सिरॅक्यूजला खोलीवर परतलो तेव्हा शिरीषचं घरी पत्र पाठवायचं राहिलं होतं. हात बँडेजमध्ये, म्हणून तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. प्रवास मजेत झाला. कार्यक्रम रंगला. तबल्याला टाळ्या पडल्या.

माझं पेन थांबलं.

"लिही ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभरानं त्याच्या आईचं उत्तर आलं. "अक्षर किती सुधारलंय रे तुझं. असंच लिहीत जा."

त्यानं ते दोनदा वाचलं. मग डाव्या हातानं हवाई टपालाचं एक कोरं एरोग्राम माझ्यापुढे सरकवलं.

"लिही," तो म्हणाला. "तीर्थरूप आईस."