मौनवारी आलेले पुढारी

आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवले होते आणि आता लपवण्यात अर्थ नाही. धारवाडच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी हुबळीला परत आलो, आणि त्याच आठवड्यात अप्पांची नोकरी गेली.

अप्पा कापसाच्या जिनमध्ये होते. सरकी आणि कापूस वेगळा करणाऱ्या यंत्रांना तेल घालायचे, सुटलेले पट्टे पुन्हा चढवायचे, हे त्यांचे काम. तिथे जेवणाची सुट्टी नव्हती. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात तेलाचे डबडे, असे उभ्या उभ्या खायचे. अप्पा वीस वर्षे तसेच जेवले. एका दुपारी कंबर धरली म्हणून ते कापसाच्या गाठीवर पंधरा मिनिटे बसून जेवले. मालकांनी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सावकारांनी, ते खिडकीतून पाहिले. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने अप्पांना आत सोडले नाही.

कारखान्यांच्या कायद्यात जेवणाची सुट्टी चांगली छापून ठेवलेली होती. मी ते पुस्तक मिळवले आणि सावकारांपुढे ठेवून कलमावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, इंग्रजी फार सुरेख आहे म्हणाले आणि पुस्तक मला परत दिले.

जिनमधल्या लोकांनी नुकताच संघ काढला होता. आता थेट पुढाऱ्यांनाच सांगायचे असे संघाने ठरवले. उत्तरेकडचे एक मोठे पुढारी त्या महिन्यात हुबळीला यायचे होते. मजुरांची बाजू घेणारे म्हणून देशभर त्यांचे नाव होते. त्यांनी एक शब्द टाकला की गिरण्यांचे मालक नमतात, असे आम्ही वर्तमानपत्रांत वाचत होतो. अडचण एवढीच होती की त्यांच्या स्वागत समितीचे अध्यक्ष आमचे सावकारच होते आणि पुढारी उतरणारही त्यांच्याच बंगल्यात. सावकार खादी वापरत. जिनमध्ये काय चालते ते खादीवर दिसत नाही.

संघाने मजुरांसाठी वेगळी सभा मागितली, आणि जिनला सुट्टी असते म्हणून दिवस धरला सोमवार. सावकारांनी तिथल्या तिथे होकार दिला. माणूस सुधारला असे आम्हाला वाटले. एवढ्या पटकन होकार का आला, हे माझ्यासारख्या पदवीधराच्याही डोक्यात आले नाही.

त्या काळी थोरांचे पाहून बरेच पुढारी सोमवारी मौन पाळत. आमचे पाहुणेही पाळत. हे आम्हाला कळले ते मंडपात, माणसे दाटीवाटीने बसल्यावर. पुढाऱ्यांच्या चिटणीसांनी उभे राहून सांगितले की आज ते बोलणार नाहीत, फक्त दर्शन देतील. उणकलहून चालत आलेल्या एका म्हातारीने कानडीत मोठ्याने विचारले, की हे जन्मापासूनच असे आहेत का.

मानपत्र मी लिहिले होते. ते मी वाचलेच. त्यात पुढाऱ्यांना सूर्य, समुद्र आणि सह्याद्री असे तिन्ही म्हटले होते. मला ते आजही वाईट वाटत नाही. शेवटच्या पानावर अप्पांची हकिकत होती. ती मी जमेल तशा हिंदीतही सांगितली. सावकार शेजारच्या खुर्चीत प्रसन्न मुद्रेने बसले होते.

वाचून झाले तसा पुढाऱ्यांनी कागदाचा तुकडा घेतला, पेन्सिलीने काही लिहिले आणि माझ्या हातात दिले. लिहिले होते, 'आज मी तुमच्या घरी जेवेन.'

बंगल्यावर सगळी तयारी झाली आहे, असे सावकारांनी दोनदा सांगितले. पुढाऱ्यांनी हसून दोन्ही वेळा चिठ्ठीकडे बोट दाखवले. अध्यक्षांना पाहुणा सोडून जाता येईना. सावकारांनी आमच्या घरचे पाणीसुद्धा एरवी घेतले नसते, पण पुढाऱ्यांच्या देखत तसे म्हणायची सोय नव्हती. तेही मोटारीत बसले.

संघातला एकजण सायकल मारत केशवापूरला आमच्या घरी पुढे गेला आणि आईला म्हणाला, पुढारी जेवायला येताहेत. आई म्हणाली, "येऊ देत. भाकऱ्या व्हायच्या आहेत. तोवर मौन धरून बसा म्हणावं."

पंगतीला पुढारी, सावकार, अप्पा आणि चिटणीस. वाढायला मी. ज्वारीची भाकरी, झुणका आणि मेथीची भाजी. चिटणीसांनी मला हळूच बजावले, घाई करू नका, ते प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतात.

ते खरोखरच चावत होते. डोळे मिटून, मान किंचित हलवत. सावकारांची अर्धी भाकरी केव्हाच संपली. पण मुख्य पाहुणा उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचे नाही, ही आमच्याकडची रीत, आणि ती मोडणे अध्यक्षांना शोभले नसते. त्यांनी खिशातले घड्याळ काढून पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. पुढाऱ्यांचा चौथा घास चालला होता.

"सावकार, बसलाच आहात तर अजून चतकोर घ्या," आई म्हणाली.

त्यांनी घेतली. मांडी घालायची सवय नव्हती, त्यामुळे ते एकदा डावीकडे कलत, एकदा उजवीकडे. तिसऱ्यांदा घड्याळ निघाले तेव्हा अप्पा खाली मान घालूनच म्हणाले, "सावकार, मी पंधराच मिनिटं बसलो होतो."

तेवढ्यात पुढाऱ्यांनी डोळे उघडले आणि डाव्या हाताने पेन्सिल घेतली. सावकारांचा चेहरा उतरला. पहिल्या चिठ्ठीने जेवण इथे आणले होते, दुसरीने कदाचित मुक्कामही इथेच आला असता. पाहुण्यांना कळू नये म्हणून ते घाईघाईने कानडीत अप्पांना म्हणाले, "उद्यापासून ये. सगळ्यांनाच अर्धा तास देतो, घंटा वाजवून. पण हे असलं चावणं माझ्या जिनमध्ये चालायचं नाही."

पुढाऱ्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. तिच्यात विचारले होते, थोडे ताक मिळेल का.

मंगळवारी मौन सुटले आणि मैदानावर पुढाऱ्यांचे जाहीर भाषण झाले. जिन चालू असल्यामुळे आमच्या लोकांपैकी कुणाला जाता आले नाही, मी एकटा गेलो. ते तासभर बोलले: पहाटे उठण्यावर, अन्न चावण्यावर, पोट साफ ठेवण्यावर. मजुरांबद्दल एक अक्षर नाही. मी संतापून घरी आलो आणि संध्याकाळी अप्पा कामावरून परतल्यावर त्यांना सगळे सांगितले.

अप्पा हातपाय धूत होते. "काल सोमवार होता ते बरं झालं," ते म्हणाले. "काल ते बोलले असते, तर सावकारांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाऊन जेवले असते."